लिंबाची काडी, राखुंडी आणि विसरत चाललेला जोडीदार

सेलूत आज ऐंशीच्या आसपास असलेल्या माणसाच्या हातात टूथब्रश आला तो बहुधा शाळकरी वय उलटून गेल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं त्याने दात घासले ते लिंबाच्या काडीने, राखुंडीने, नाहीतर चुलीतला कोळसा कुटून त्यात मीठ घालून. न्हाणीजवळच्या दगडावर उकिडवं बसायचं, डाव्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवायचा, उजव्या हाताची तर्जनी दातांवर फिरवायची आणि शेवटी खळखळून चूळ भरून ती अंगणात लांब टाकायची. हे सारं उघड्यावर, चारचौघांच्या देखत चाले. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नसे, आणि पारोशा तोंडाने घरात वावरणाऱ्याला घरची म्हातारी माणसं बोलल्यावाचून राहत नसत.

ही पिढी आता म्हातारी झाली आहे. तिच्यातल्या काहींना स्मृतिभ्रंशाने गाठलं आहे. ज्या घरात नवरा-बायकोपैकी एकजण विसरत चालला आहे, तिथे सकाळचं तोंड धुणं हा दिवसातला पहिला झगडा होऊन बसतो. ब्रश पुढे केला की माणूस तोंड फिरवतो, ओठ घट्ट मिटतो, कधी हातही उगारतो. अशा घराला दात घासण्याच्या या जुन्या इतिहासाचा खरोखरीचा उपयोग आहे, म्हणून तो नीट सांगायला हवा.

दुधना नदीच्या आसऱ्याने वसलेलं सेलू हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. काळी जमीन, कापसाची बाजारपेठ, केशवराज बाबासाहेबांचं देवस्थान आणि मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं रेल्वे स्थानक, ही त्याची ओळख. या मुलखात लिंब आणि बाभूळ शोधायला लांब जावं लागत नाही. बांधावरून येताना करंगळीएवढी फांदी मोडायची, टोक चावून त्याचा कुंचला करायचा, दात घासून झाले की तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडायची आणि टाकून द्यायची. पैसा नाही, डबी नाही, साठवण नाही.

ही रीत फार जुनी. चरकसंहितेत सकाळ-संध्याकाळ काडीने दात घासायला सांगितलं आहे, आणि ती कडू, तुरट किंवा तिखट रसाच्या झाडाची असावी असं म्हटलं आहे. करंज, रुई, अर्जुन ही तिथली नावं मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नवी नाहीत. वाग्भटाने अष्टांगहृदयात काडीचं माप बारा बोटं दिलं, हिरड्या दुखावू नयेत असं बजावलं, आणि काडी कोणी वापरू नये याचीही यादी केली. अपचन, ओकारी, दमा, खोकला, ताप असलेल्यांनी, तोंड आलेल्यांनी, आणि अर्दित झालेल्यांनी, म्हणजे ज्यांचा चेहरा वाऱ्याने एका बाजूला ओढला गेला आहे त्यांनी काडी टाळावी. ही यादी आजही डोळसपणे वाचण्याजोगी आहे. ज्याचं तोंड, घसा किंवा श्वास ताब्यात नाही त्याच्या तोंडात धागे सुटणारी काडी घालू नये, ही सावधगिरी तिच्यातून सहज निघते.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग नालंदेत दहा वर्षं राहिला. त्याने आपल्या वृत्तांतात दात घासायच्या काडीसाठी वेगळं प्रकरणच लिहिलं आहे. लांबी बारा बोटं, जाडी करंगळीएवढी, एक टोक सावकाश चावून मऊ करायचं, मग दात, मग जीभ, मग चूळ. काडी चावत असताना वडीलधाऱ्यांजवळ जाणं भागच पडलं तर डाव्या हाताने तोंड झाकावं, असंही तो सांगतो. उघडं तोंड दुसऱ्याला दाखवण्याचा हा संकोच आपल्याकडे मुरलेला आहे. आज एखादी आजी आपल्या नवऱ्यासमोरही तोंड उघडायला नाखूश असते, तेव्हा तिच्या आजाराबरोबर हा संकोचही तिथे हजर असतो.

धर्मशास्त्रकारांनी तर याचे तिथीवार नियम केले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आन्हिकाच्या प्रकरणात दंतधावनाचा परामर्श घेतला आहे. प्रतिपदा, षष्ठी, अष्टमी, अमावास्या, श्राद्धाचा दिवस अशा काही दिवशी काडी निषिद्ध होती. पण म्हणून तोंड अस्वच्छ ठेवायचं का? त्यावर शास्त्राने पाण्याच्या बारा चुळांची सोय दिली. काडी चालत नसेल तर पाणी, तेही जमत नसेल तर पानं. तोंड स्वच्छ होण्याला महत्त्व, साधन कोणतं याला कमी. एकाच साधनाचा हट्ट धरणाऱ्या आजच्या घरांनी जुन्यांचा हा लवचीकपणा जरूर घ्यावा.

बायकांच्या दातांचा इतिहास वेगळा आहे आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ सवाष्णी दातवण लावत. हिरड्यासारखी तुरट द्रव्यं आणि लोखंडाचा क्षार एकत्र आले की काळा रंग धरतो. तो दातांवर बसे आणि ते सौभाग्याचं लेणं मानलं जाई. विधवेला तो वर्ज्य होता. निजामाच्या मुलखात याला मिस्सीची, म्हणजे दात काळे करणाऱ्या पुडीची जोड होती. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवरचं ‘कानून-ए-इस्लाम’ १८३२ साली इंग्रजीत छापलं गेलं, त्यात बायकांच्या शृंगारात मिस्सीचा उल्लेख आहे. सेलू-पाथरीच्या गल्ल्यांमधून दोन्ही समाजांच्या बायका शेजारीपाजारी राहत आल्या आहेत.

पुढे पांढरे दात चांगले ठरले आणि दातवण मागे पडलं. मिश्री मात्र राहिली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. दात घासण्यासाठी म्हणून सुरू झालेली ही सवय दिवसातून अनेकदा लागणारं व्यसन होऊन बसली. ते व्यसन आहे असं घरात कोणी म्हणतही नसे, कारण त्यावर तोंड धुण्याचं पांघरूण होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा बायकांमधला मिश्रीचा प्रसार आणि तंबाखूने तोंडात होणारे कर्करोगपूर्व बदल दोन्ही नोंदले गेले. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ही बंदी पोचणं अवघडच होतं.

मराठवाड्यात बाजारचं दंतमंजन आलं ते रेल्वेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन झाली आणि सेलूचा कापूस बाहेर जाऊ लागला. त्याच गाड्यांनी मुंबईचा माल आत येऊ लागला, निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरून. माकडछाप काळी पावडर आणि बिटकोचं काळं दंतमंजन यांनी राखुंडीची जागा सहज घेतली. रंग तोच, बोटाने घासण्याची रीत तीच, फक्त आता डबी आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि हळूहळू मुंबईच्या बाजाराशी संबंध मोकळे झाले. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत विकोचा उद्योग सुरू केला आणि वज्रदंती पावडर घरोघर पोचवायला घेतली. कोलगेटची भारतातली कंपनी १९३७ चीच, पण पांढरी पेस्ट आणि ब्रश ही जोडी खेड्यांत रुळली ती बऱ्याच वर्षांनी, आणि तीही आधी मुलांसाठी. घरातल्या मोठ्यांनी आपली काळी डबी कोनाड्यात तशीच ठेवली.

दात दुखला तर काय, हा प्रश्न मात्र तसाच होता. लवंग दाताखाली धरणं, वैदूकडून दात उपटून घेणं, फारच झालं तर हैदराबादची गाडी पकडणं. मराठवाड्याला स्वतःचं शासकीय दंत महाविद्यालय मिळालं ते औरंगाबादला, १९८२ मध्ये. परभणीला सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय त्यानंतर झालं. म्हणजे आज ऐंशीला टेकलेल्या सेलूकराच्या उमेदीच्या वयात दंतवैद्य म्हणजे दात काढणारा माणूस, एवढीच ओळख होती. तपासायला, साफ करायला कोणी जात नसे. डॉक्टरच्या खुर्चीची त्याला वाटणारी धास्ती तिथून आलेली आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आता ते सत्तरीला पोचलं आहे. पूर्वीही माणसं म्हातारपणी भ्रमिष्ट होत. लोक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देत, नाहीतर म्हातारचळ लागला म्हणत. पण तिथवर पोचणारी माणसंच थोडी, आणि पोचलेल्यांच्या तोंडाचं बोळकं झालेलं. आता उलट झालं आहे. माणसं जगतात आणि दातही बरेचसे जागेवर राहतात. स्वतःचे दात असलेला, पण ते घासायचे कसे हे विसरलेला माणूस घराघरांत दिसू लागला तो याच काळात.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या सभेत आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका स्त्री-रुग्णाची हकीकत मांडली, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. भारतात या रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली. मराठी माणसाला हा आजार घरच्यासारखा दाखवला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तिणीमागे भुलून जातात, आणि माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना आईच्या मायेने सांभाळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांमध्ये प्रमाण अधिक, खेड्यांतही अधिक. सेलूसारख्या भागावर दोन्ही बाबींचा भार पडतो.

या आजारात नवी आठवण आधी जाते, जुनी उशिरापर्यंत टिकते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी हे १८८१ मध्येच लिहून ठेवलं. हाताला लागलेलं वळण तर शब्दांपेक्षाही चिवट असतं. म्हणून चाळिशीत हातात आलेला ब्रश आजोबांना परका वाटू शकतो, पण पाण्याचा तांब्या समोर ठेवला की तर्जनी आपसूक तोंडाकडे जाते. आजी पेस्ट थुंकून टाकत असेल तर एकदा विचार करावा की आयुष्यभर तिच्या जिभेला कोळसा-मिठाची किंवा मिश्रीची चव माहीत आहे, आणि पुदिन्याची तिखट थंडाई तिला झोंबते. सौम्य चवीची, फेस कमी होणारी फ्लोराइडची पेस्ट, तीही मटारच्या दाण्यापेक्षा कमी, हा त्यावर साधा तोडगा. बाथरूमच्या आरशासमोर घाबरणारा माणूस ओसरीवर, नेहमीच्या पाटावर, सकाळच्या उजेडात शांत बसू शकतो. जुनी जागा आणि जुनी बैठक परत आणावी. राखुंडी आणि मिश्री मात्र आणू नये. पहिली दात झिजवते, दुसरी कर्करोग देते. मिश्रीची सवय जबर असेल तर ती कशी सोडवायची हे डॉक्टरांना विचारावं, कारण एकाएकी तोडली तर चिडचिड वाढते आणि घरचे तिला आजाराचा भाग समजतात.

जुन्या घरात नवऱ्याला तोंड धुवायला पाणी देणं हे बायकोचं रोजचं काम होतं. आज आजारी नवऱ्यासमोर तांब्या आणि ब्रश ठेवणारी बाई त्याच कामाचा पुढचा टप्पा करत असते, आणि त्यामुळे पुष्कळदा नवऱ्याला ते अपमानास्पद वाटत नाही. उलट बाजूचं काय? बायकोचे दात नवऱ्याने घासायचे, याला आपल्या रीतीत कुठेच जागा नव्हती. आज जे पुरुष पत्नीसमोर स्टूल घेऊन बसतात, ‘अगं, जरा तोंड उघड’ म्हणतात, ते एक नवी रीत घालत आहेत. तिचं मोल गावाने ओळखायला हवं. शेजाऱ्यांनी त्यावर हसणं तर दूरच, दोन घटका येऊन त्या माणसाला उसंत द्यायला हवी.

अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक रीटा जाब्लॉन्स्की यांनी या प्रतिकाराचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की, रुग्ण हट्ट करत नसतो, त्याला भीती वाटलेली असते. कोणीतरी अचानक तोंडात काहीतरी कोंबतं आहे, एवढंच त्याला कळतं. म्हणून समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, हसावं, आधी स्वतःचे दात घासून दाखवावेत. एक ब्रश त्याच्या हातात द्यावा आणि दुसऱ्याने आपण घासावं. त्याच्या हातावर हात ठेवून सुरुवात करून दिली तर कित्येकदा पुढचं तो स्वतः करतो. लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलू नये. जन्मभर ‘अहो’ ऐकलेल्या माणसाला ‘अहो’च म्हणावं. नाहीच जमलं तर सोडून द्यावं, थोड्या वेळाने पुन्हा बघावं, किंवा मुलाला, सुनेला पुढे करावं. चहा आधी मागितला तर आधी द्यावा. पारोशाचा नियम या घटकेला सैल केला तर काही बिघडत नाही. रात्री घासणं आपल्या परंपरेत रुजलं नाही, पण झोपेत लाळ कमी होते म्हणून वैद्यकाला ते हवं असतं. दोन्ही वेळा साधत नसेल तर ज्या वेळी माणूस शांत असतो ती वेळ धरावी.

चूळ भरणं हे कौशल्य आजारात लवकर जातं. पाणी गिळलं जातं किंवा ठसका लागतो. तेव्हा माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, ओल्या मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ कापडाने दात, हिरड्या, जीभ पुसून घ्यावी. आपलं बोट दातांमध्ये घालू नये, चावलं जाण्याची शक्यता असते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. दात नसले तरी हिरड्या पुसायच्याच. जेवण टाळणं, गाल धरणं, एकाच बाजूने चावणं, विनाकारण चिडणं हे दात दुखत असल्याचे इशारे असू शकतात, कारण ‘दुखतंय’ हा शब्दच त्याच्याकडे उरलेला नसतो. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं. रोज तोंडात बघणाऱ्या जोडीदाराला पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम सगळ्यांत आधी दिसते. मिश्री-तंबाखूच्या या मुलखात त्या नजरेचं मोल मोठं आहे.

एवढा खटाटोप करून हाती काय लागतं? जपानमधल्या अकरा वृद्धनिवासांत दोन वर्षं चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड काळजीवाहू माणसांनी प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केलं त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, इतरांमध्ये १९ टक्क्यांना. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, आणि उतरत्या अवस्थेतल्या स्मृतिभ्रंशात न्यूमोनिया हे मृत्यूचं एक मोठं कारण आहे.

ज्या घरात विसरण्याची नुकती सुरुवात आहे त्यांनी दंतवैद्याकडे जाणं पुढे ढकलू नये. आज माणूस खुर्चीत बसून तोंड उघडेल, किडलेला दात भरून घेईल, कवळीचं माप देईल. दोन-तीन वर्षांनी तेच काम फार अवघड होईल. सेलूहून परभणी रेल्वेने जवळ आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना कवळी मिळण्याची तरतूद २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आहे. आणि जाण्याआधी आजी-आजोबांना एकदा विचारून घ्यावं, लहानपणी तुम्ही दात कशाने घासायचात, कुठे बसायचात. उत्तर कागदावर लिहून ठेवावं, पुढे ते जोडीदाराच्या कामी येईल. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तिला पैसे पडत नाहीत.